बहीण, मैत्रीण, शेजारीण त्रासात असेल तर: पहिल्यांदाच मदतीला जाणाऱ्यांसाठी

माझ्या मावसबहिणीने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला रात्री साडेअकराला फोन केला होता, म्हणाली ताई मला इथे नाही राहायचं. आणि मी तिला काय म्हणाले असेन, तर अगं संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच, दोन दिवस शांत रहा, होईल सगळं नीट. त्यानंतर चार वर्षं तिने मला काही म्हणजे काहीच सांगितलं नाही. सणावाराला भेटायची, हसायची, ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचं ब्लाउज घालून यायची, आणि मला काही कळलं नाही असं मी म्हणणार नाही, कळत होतं पण विचारायची हिंमत होत नव्हती.

पुढे ती बाहेर पडली तेव्हा तिच्यासोबत दवाखाना, पोलीस स्टेशन, कोर्ट सगळीकडे फिरले, आणि मग एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, असं करत अजून सात-आठ जणींसोबत गेले. मी वकील नाही आणि समुपदेशकही नाही. पण पहिल्यांदा जाताना मला काहीच माहीत नव्हतं त्यामुळे खूप वेळ आणि खूप पुरावे वाया गेले, तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. स्वतः त्रासात असाल आणि हे वाचत असाल तर तुम्हालाही लागू आहेच, फक्त वाचून झाल्यावर मोबाईलची हिस्टरी पुसा.

ही गोष्ट एखाद-दुसऱ्या घरातली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात साधारण २९ टक्के आणि महाराष्ट्रात साधारण २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. म्हणजे चौघींमागे एक. आणि त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के आहेत. बाकीच्या तुमच्या-माझ्या हळदीकुंकवाला येऊन जातात.

पहिलं पाऊल: भांडण आहे की हिंसा, हे ओळखायचं कसं

आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, मारतो का गं? आणि ती म्हणते नाही, तसा मारत नाही, आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळा पाहिजे. तू त्याला घाबरतेस का?

भांडण कुठल्या घरात होत नाही, माझ्याही घरात होतं, आवाज चढतो, दोन दिवस अबोला असतो. पण भांडणात दोघंही बोलतात आणि दुसऱ्या दिवशी बायको माहेरी फोन करायला घाबरत नाही. हिंसेच्या घरात बाई सतत अंदाज घेत असते, गाडीचा आवाज आला की पोटात गोळा येतो, भाजीत मीठ जास्त पडलं तर हात थरथरतो, मुलं आपोआप गप्प होऊन दुसऱ्या खोलीत जातात. फोनवर बोलताना मध्येच सूर बदलून "हो हो आई, जेवण झालं आमचं" असं म्हणायला लागते कारण तो दारात येऊन उभा राहिलेला असतो. ही भीती दिसली की समजा, मग मारण्याच्या खुणा असोत नसोत.

कायद्यानेही हिंसा फक्त मारहाण धरलेली नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात चार प्रकार सांगितलेत. शारीरिक हिंसा सगळ्यांना कळते. दुसरी शाब्दिक आणि भावनिक, म्हणजे रोज उठून वांझ म्हणणं, मुलगीच झाली म्हणून टोमणे, बापाने काय दिलं म्हणून उद्धार, चारित्र्यावर संशय, कोणाशी बोलायचं नाही, घराबाहेर जायचं नाही.

तिसरी लैंगिक, आणि इथे बायका सगळ्यात जास्त अडखळतात कारण नवऱ्याचा हक्कच आहे असं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं. आपल्याकडे बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा अजूनही लागत नाही हे खरंय, पण या २००५ च्या कायद्यात जबरदस्ती ही हिंसाच आहे आणि त्यासाठी कोर्टातून संरक्षण मागता येतं, हे फार कमी जणींना माहीत असतं.

चौथी आर्थिक, आणि ही तर घरोघर आहे. पगार आला की एटीएम नवऱ्याच्या खिशात. लग्नातलं सोनं सासूच्या कपाटात आणि ते मागितलं की कांगावा. किराणाला पैसे देताना पै-पैचा हिशोब आणि वर शिव्या. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर येतात पण खात्याला मोबाईल नंबर त्याचा, ओटीपी त्याच्याकडे, त्यामुळे पैसे आले की नाही हेसुद्धा तिला शेजारणीकडून कळतं. हे सगळं हिंसेतच येतं, कोणी कितीही म्हणो की आमच्याकडे व्यवहार पुरुषच बघतात.

अजून एक गोष्ट ओळखायला शिका, मारल्यानंतरचे दिवस. रडतो, पाया पडतो, मुलांची शपथ घेतो, साडी आणतो, हॉटेलात नेतो. त्या आठ-पंधरा दिवसात तिला आणि तिच्या आईवडिलांनाही वाटतं की सुधारला. मग हळूहळू परत कुरकुर, परत तणाव, परत एक दिवस हात उचलतो. माझ्या बहिणीकडे चांगल्या चांगल्या नऊ साड्या होत्या आणि प्रत्येक साडीची तारीख तिला पाठ होती.

दारू पितो म्हणून मारतो, हे पण लगेच मान्य करू नका. दारूने मारहाण वाढते, पण तोच माणूस दारू पिऊन साहेबावर किंवा पोलिसावर हात टाकत नाही, बरोबर घरी येऊन बायकोवरच टाकतो.

दुसरं पाऊल: बोलायचं कसं

ती एकटी असताना बोला. मेसेज करून विचारू नका, तिचा फोन कोण बघतं तुम्हाला माहीत नाही. भाजी आणायला, देवळात, मुलांना शाळेत सोडायला जाताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, अशा जागा बघा. सासरी जाऊन चहा पिता पिता विचारलंत तर ती "छे छे, मजेत आहे" एवढंच म्हणणार आणि तुम्ही गेल्यावर तिला त्याचे फटके पडणार.

काय म्हणायचं? साधं म्हणा. "मला तुझी काळजी वाटते. तुला सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन आणि कोणाला सांगणार नाही." आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नका. तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, ही दोन वाक्यं पुरतात. माझ्यासोबत आलेल्या प्रत्येकीने नंतर सांगितलंय की पहिल्यांदा कोणीतरी "तुझी चूक नाही" म्हणालं तो दिवस लक्षात आहे.

काय म्हणायचं नाही ते मी माझ्याच अनुभवाने सांगते. तू पण उलट बोलत असशील. मुलांकडे बघून सहन कर. पदरी पडलं पवित्र झालं. आमच्या वेळेला तर यापेक्षा जास्त होतं. आणि या सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाला, "आत्ताच्या आत्ता सोड त्याला, असल्या माणसासोबत राहतेसच कशी". हे शेवटचं वाक्य आपल्याला तिच्या बाजूचं वाटतं पण तिला ते परत एक दटावणीच वाटते, घरात तो ठरवतो आणि बाहेर तुम्ही ठरवताय.

ती का निघत नाही हे समजून घ्या. आपल्याकडे मुलगी नांदते की नाही यावर घराची अब्रू टांगलेली असते. माहेरी धाकटी बहीण लग्नाची आहे, भावाची बायको दोन दिवसांवर तिसऱ्या दिवशी तोंड फिरवते, हातात स्वतःचे हजार रुपये नाहीत, मुलं शाळेत आहेत, आणि तो म्हणालाय की गेलीस तर तुझ्या बापाला बघून घेईन. या सगळ्यात ती कधी निघायचं याचा जो हिशोब करते तो आपल्यापेक्षा तिलाच जास्त कळतो. ती एकदा निघून परत गेली तर चिडू नका. दोनदा गेली तरी चिडू नका. माझी बहीण तीनदा परत गेली होती आणि चौथ्या वेळेला तिने मला फोन केला कारण तिसऱ्या वेळेला मी "बरं, पण काही वाटलं तर रात्री दोनलाही फोन कर" असं म्हणाले होते.

आणि एक काम अजिबात करायचं नाही, नवऱ्याला जाऊन जाब विचारायचा नाही. भाऊ, मामा, गल्लीतली पोरं घेऊन दम द्यायला जायचा मोह सगळ्यांना होतो. तुम्ही दम देऊन घरी येता, रात्री ती त्याच्यासोबत एकटी असते.

तिसरं पाऊल: जीवाला धोका आहे का, हे आधी बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून इथे थोडं थांबते. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर समजुतीच्या गोष्टी बाजूला ठेवायच्या.

गळा दाबलाय का, हे स्पष्ट विचारा. बायका हे मारहाणीत मोजत नाहीत, "फक्त गळा धरला" म्हणतात. पण ज्या नवऱ्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे खून व्हायचा धोका कित्येक पटीने वाढतो. आणि वरून खूण दिसत नसली तरी आत इजा असू शकते, आवाज बसला, गिळताना दुखतंय, श्वास लागतोय, डोळ्यात लाल ठिपके आलेत, डोकं जड झालंय, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या, कारण त्रास काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही वाढू शकतो.

बाकीच्या खुणा: रॉकेल किंवा पेट्रोल अंगावर ओतायची धमकी, कोयता-सुरी दाखवणं, गरोदर असताना पोटावर मारणं, मी पण मरेन आणि तुला पण मारेन असं म्हणणं, सतत पाळत ठेवणं, मारहाण आधीपेक्षा लवकर लवकर आणि जास्त जोराने होणं. आणि ती निघायचं म्हणतेय किंवा नुकतीच निघालीये, हाच काळ सगळ्यात धोक्याचा असतो, तेव्हा ताबा सुटतोय हे त्याला कळलेलं असतं. म्हणून "मी जातेय" असं तोंडावर सांगून निघायला लावू नका.

जळीताच्या केसमध्ये "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय. दवाखान्यात बाई जबाब देत असते तेव्हा सासरची माणसं कॉटजवळ उभी असतील तर डॉक्टरांना आणि पोलिसांना तिथेच सांगा की यांना बाहेर काढा, मग जबाब घ्या. तुम्ही नातेवाईक नसलात तरी सांगा.

मारहाण चालू असेल, आवाज येत असेल तर ११२ लावा, हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर आहे. शेजाऱ्यांनी लावला तरी चालतो. ते शक्य नसेल तर निदान बेल वाजवा, वाटीभर साखर मागा, त्या एका मिनिटात हात थांबतो.

चौथं पाऊल: गुपचूप तयारी

ती आज निघणार नसली तरी तयारी आज सुरू करता येते, आणि नुसत्या तयारीनेच बायकांच्या अंगात थोडा जीव येतो हे मी बघितलंय.

कागदपत्रं: आधार, पॅन, रेशनकार्डची झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि लग्नातले एक-दोन फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड, बँक पासबुक, सोनाराच्या पावत्या, नवऱ्याची पगाराची स्लिप किंवा सातबारा मिळाला तर फोटो. मूळ कागद हलवले की लक्षात येतं, म्हणून आधी फोटो काढून विश्वासातल्या माणसाच्या फोनवर पाठवायचे आणि स्वतःच्या फोनवरून ते लगेच पुसायचे. एक पिशवी, दोन ड्रेस, मुलांचे कपडे, रोजची औषधं, थोडे पैसे, घराची जादा किल्ली, हे माहेरी नको, माहेर तो पहिलं शोधणार, शेजारीण किंवा कामावरची मैत्रीण बरी.

पैसे: पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या नंबरचं खातं उघडा. योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, ते कुठलं आहे हे बँकेत जाऊन विचारता येतं. पण आधी विचार करा, पैसे अचानक बंद झाले की तो विचारणार, त्यामुळे कधी बदलायचं ते तिने ठरवायचं.

फोन: व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा दुसरीकडे कुठे चालू आहे का. गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग बघा. जीमेल कोणाच्या फोनवर लॉगिन आहे ते बघा. पण सापडलं म्हणून लगेच बंद करू नका, अचानक बंद झालं की त्याला संशय येतो, महत्त्वाचे फोन सरळ दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा.

एक कोडवर्ड ठरवा. आमचा होता "इडलीचं पीठ आहे का". हा मेसेज आला की मी ११२ लावायचा, तिला उलट फोन करायचा नाही. मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे शिकवा की आवाज चढला तर मध्ये पडायचं नाही, समोरच्या काकूंकडे पळायचं.

पाचवं पाऊल: पुरावा आणि दवाखाना

इथे आम्ही फार मोठी चूक केली. पहिल्या दोन वेळेला बहिणीने डॉक्टरला सांगितलं की बाथरूममध्ये पडले. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं आणि नंतर कोर्टात समोरच्या वकिलाने तेच कागद काढून दाखवले.

म्हणून दवाखान्यात खरं सांगायचं: नवऱ्याने, अमुक वाजता, कशाने, कुठे मारलं. डॉक्टर लिहून घेतात, एमएलसी म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. केसपेपरची कॉपी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात गेलात तर बरं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून सुरू केलेलं दिलासा केंद्र आहे, तिथे दवाखान्यातच समुपदेशक भेटतात, आणि नंतर तसंच काम दुसऱ्या रुग्णालयांतही सुरू झालं, तेव्हा तुमच्याकडे आहे का ते नर्सला विचारा.

फोटो काढताना एक चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील असा, एक जवळून, आणि दोन-तीन दिवसांनी परत, कारण वळ तेव्हा जास्त काळेनिळे दिसतात. मेसेज, शिव्यांचे व्हॉइसनोट पुसू नका. कोर्टात मोबाईलमधले पुरावे देताना सोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन सांभाळून ठेवावा लागतो, ते वकील सांगतील, पण फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका एवढं आजच लक्षात ठेवा. आणि एक वही. तारीख, काय झालं, कोणी पाहिलं, एवढंच. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर तिने तुम्हाला फोनवर सांगावं आणि तुम्ही लिहावं.

सहावं पाऊल: कुठे जायचं

१८१ ही महिला हेल्पलाईन आहे, चोवीस तास. १५१०० वर मोफत कायदेशीर मदत. मुलांसाठी १०९८. मन फारच खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलीमानस १४४१६, मराठीत बोलता येतं.

जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, डॉक्टर, पोलीस, वकील यांच्याशी तिथूनच गाठ घालून देतात, आणि पुढे जास्त दिवस राहायचं असेल तर निवारागृहात पाठवतात. दुसरं ठिकाण म्हणजे महिला व मुलांसाठी विशेष कक्ष, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात हे काम सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर पसरलं, तिथे बसणाऱ्या ताई पोलीस नसतात, समाजकार्यकर्त्या असतात, त्यामुळे बोलायला सोपं जातं. काही शहरांत पोलिसांचा भरोसा सेल आहे. तिसरे संरक्षण अधिकारी, यांचं नाव लोकांना माहीतच नसतं. महिला व बालविकास कार्यालयात विचारा. तेच घरगुती घटनेचा अहवाल भरतात आणि कोर्टात अर्ज करायला मदत करतात. आणि शेजारीपाजारी असलेल्यांनी हे नीट वाचा: संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही माहिती देऊ शकतं, चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही जबाबदारी येत नाही असं कायद्यात लिहिलंय.

पोलीस स्टेशनला गेल्यावर बऱ्याचदा नवराबायकोचं भांडण म्हणून एनसी लिहून परत पाठवतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. ती कॉपीसुद्धा जपून ठेवा, नंतर उपयोगी पडते, पण हुंड्यासाठी छळ असेल किंवा जीवावर बेतेल असा छळ असेल तर एफआयआरच मागा. लोक अजून चारशे अठ्ठ्याण्णव म्हणतात, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ४९८-अ, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही तक्रार तिने स्वतः किंवा तिच्या नातेवाईकांनी द्यावी लागते, नुसत्या मैत्रिणीने देऊन चालत नाही. माहेरच्या गावातूनही देता येते, हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवून मग योग्य हद्दीत पाठवतात तो. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. घेतच नसतील तर तीच तक्रार पोस्टाने एसपी ऑफिसला पाठवा, पोस्टाची पावती ठेवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

परदेशात असलेल्या मराठी मुलींसाठी थोडं: व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर आहे म्हणून तो पासपोर्ट लपवतो आणि "डिपोर्ट करीन" म्हणतो. तिथल्या हेल्पलाईनला फोन करा, अमेरिकेत १-८००-७९९-७२३३, इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७, दुभाषी मागता येतो, आणि पासपोर्टसाठी आपल्या वकिलातीत जा.

सातवं पाऊल: कोर्टात काय मागता येतं

बऱ्याच बायका म्हणतात, मला त्याला जेलमध्ये नाही घालायचं, मुलांचा बाप आहे, फक्त मार थांबू दे. तर २००५ चा कायदा त्याच्यासाठीच आहे. घटस्फोट मागावा लागत नाही, नवऱ्यासोबत राहूनही अर्ज करता येतो. मॅजिस्ट्रेट सांगू शकतात की मारहाण करायची नाही, फोन करायचा नाही, कामाच्या ठिकाणी जायचं नाही. घरातून काढायचं नाही, हा आदेश मिळतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, असं सासरी हमखास ऐकवतात, पण सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की जिथे दोघं एकत्र राहत होते ते घर सासरच्या नातेवाईकांच्या नावावर असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, स्त्रीधन परत, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा कायदा कुठल्याही धर्माच्या बाईला आहे. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारीलाही आहे, विधवा सुनेला, आईला, बहिणीलाही आहे. त्रास देणारी सासू किंवा नणंद असेल तर तिच्यावरही अर्ज होतो. पुरुषांना या कायद्याखाली अर्ज करता येत नाही, पण पुरुषालाही घरात मार बसू शकतो आणि त्याच्यासाठी ११२ आणि मारहाणीची साधी कलमं आहेतच, त्यालाही हसू नका.

अर्ज ती आत्ता जिथे तात्पुरती राहतेय तिथल्या कोर्टातही चालतो. वकिलाला पैसे नाहीत हे कारण नको, बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायचा तिला हक्क आहे, तालुक्याच्या कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात महिने जातात, हे तिला आधीच सांगा नाहीतर दुसऱ्या तारखेलाच हातपाय गळतात. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश मागायला वकिलाला सांगा, धोका असेल तर समोरच्याला न ऐकताही तो मिळू शकतो.

बैठकीबद्दल

मध्येच कधीतरी बैठक बसणारच. मामा, भावकी, गावातले मोठे लोक, कधी तंटामुक्तीवाले. हेतू चांगला असतो बऱ्याच जणांचा. पण त्या बैठकीत पंधरा पुरुष असतात आणि ती एकटी कोपऱ्यात पदर घेऊन बसलेली असते आणि तिला विचारतात, काय पोरी, नांदतेस ना? या प्रश्नाला ती काय उत्तर देणार. बैठकीला जायचं की नाही ते तिने ठरवावं, गेली तर तिच्या शेजारी तिच्या बाजूच्या दोन बायका बसल्या पाहिजेत, कोऱ्या कागदावर किंवा वाचून न दाखवलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करायची नाही, आणि केस मागे घे मग नेतो असं म्हणाले तर आधी चार महिने नीट वागून दाखव मग बघू असं उत्तर द्यायचं. परत गेलीच तर वही, पिशवी आणि कोडवर्ड चालू ठेवायचे.

तुम्ही स्वतः

तुमच्या घरचे म्हणतील दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला पडतेस. तुम्हाला रात्री झोप लागणार नाही, फोन वाजला की दचकाल. तुमच्यासोबत अजून एक माणूस घ्या, एकट्याने हे ओढता येत नाही. तिची गोष्ट बाकी कुठे बोलू नका, तिचा पत्ता तर नवऱ्याच्या सगळ्यात गोड बोलणाऱ्या बहिणीलाही देऊ नका.

आणि कोर्टाच्या तारखेला सोबत जा. ते आवार तिला नवीन असतं, समोरच तो आणि त्याची माणसं उभी असतात, बाकावर तुम्ही मध्ये बसा म्हणजे तिला सारखं तिकडे बघावं लागत नाही. सगळ्या कागदांचे तीन सेट न्या, पाण्याची बाटली न्या, लहान मूल असेल तर त्याला बघायला कोणीतरी न्या. आणि डबा न्याच, नंबर अकराला लागतो की चारला ते कोणी सांगू शकत नाही.